टेपमास्तरांचा आकडा

"तुम्ही काम काय करता?" असं कुणी विचारलं, की टेपमास्तर छाती पुढे काढून सांगायचे, "खंड फाटतोय. माझं लक्ष आहे."

ऐकणाऱ्याला वाटायचं, आता काही काळजी नाही.

निलगिरीच्या त्या अफाट लागवडीत एक संशोधन केंद्र होतं आणि मास्तर तिथे एकटे तीन शास्त्रांची सेवा करत. झाडं इतकी काटेकोर ओळीत लावलेली, की कुठूनही बघा, ओळी लांब जाऊन एकमेकींना चिकटत. खाली गवताची काडी नाही, वर पाखराचा आवाज नाही. पानांच्या साहेबांसाठी मास्तर झाडांखालच्या जाळ्यांत पडलेली पानं तोलत. वटवाघळांच्या डॉक्टरांसाठी पहाटे झाडांखाली प्लास्टिक अंथरत आणि त्यावर पडलेली लघवी बाटलीत भरत. तिच्यात कुठला विषाणू आहे का, ते डॉक्टर बघायचे. "लोक अत्तर गोळा करतात, आमचे हे बघा," असं मास्तरांची बायको पाहुण्यांना कौतुकाने सांगायची. हे दोघे आणि भेगेचा अभ्यास करणाऱ्या बाई, असे तिन्ही शास्त्रज्ञ एकमेकांशी चहापुरतंही बोलत नसत. तिघांच्या वह्या एकाच पिशवीत असत, आणि ती पिशवी मास्तरांच्या खांद्याला.

पण मास्तरांचा खरा जीव तिसऱ्या कामात. लागवडीच्या मधोमध जमिनीला लांबलचक भेग होती. इथे जमीन दोन्हीकडून ताणली जाते आहे, काही कोटी वर्षांनी इथे समुद्र येईल, असं भेगेच्या बाईंनी सांगितलं होतं. काही कोटी वर्षं म्हणजे नोकरी पक्की, असा मास्तरांनी अर्थ काढला. भेगेच्या दोन काठांवर दोन लोखंडी खुंट्या. रोज सकाळी त्यांच्यामध्ये टेप ताणायचा, आकडा तीनदा मोठ्याने म्हणायचा आणि मगच लिहायचा. ही बाईंची शिस्त. तोंडाने म्हटलेला आकडा हात चुकवत नाही, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांचा आवाज आधीच खणखणीत, त्यात भेगेत वाकून म्हणत.

गेले चार महिने आकडा हलला नव्हता. एक्केचाळीस पॉइंट दोन सेंटीमीटर. बाई खूश होत्या. "भेग झोपली," असं फोनवर म्हणाल्या.

अर्ध्या किलोमीटरवरच्या दोन खोल्यांच्या घरी मास्तर परतले, की बायको दारातच म्हणायची, "एक्केचाळीस पॉइंट दोन!" रोज तोच आकडा, त्यात ओळखायचं काय! मास्तर हसून चपला काढायचे.

एके दिवशी मात्र ती म्हणाली, "आज चुकलात ना? आधी पॉइंट चार म्हणालात, मग पॉइंट दोन."

मास्तरांची एक चप्पल पायातच राहिली. टेपला पीळ पडला होता, म्हणून पहिल्यांदा खरंच पॉइंट चार म्हटलं होतं. तिथे त्यांच्याशिवाय कुणीही नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की. रोज ओरडता ते ऐकू येतं मला."

"इतक्या लांबून?"

"लांबून कुठलं? इथून." तिने पायाच्या अंगठ्याने स्वयंपाकघराची फरशी दाखवली. ओट्यापासून दारापर्यंत एक केसाएवढी चीर होती. दर आठवड्याला ती त्यात सिमेंट भरायची. "जगाची फट मोजता, घरातली दिसते का कधी?"

मास्तरांनी तिन्ही वह्या जमिनीवर पसरल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या एकमेकींशेजारी उघडल्या होत्या. घराजवळच्या सहा ओळींखालचं प्लास्टिक पंधरा दिवस कोरडं. वटवाघळं तिथून उठून गेली होती. त्याच सहा ओळींतल्या जाळ्यांत पानं दुप्पट. भेगेच्या वहीत मात्र सगळं शांत.

"आपण घर सोडू," ते म्हणाले.

"आत्ताच ओट्याला टाइल्स बसवल्यात," ती म्हणाली. विषय संपला.

मास्तरांनी बाईंना फोन केला. "खुंट्या हलल्या नाहीत ना? मग घाबरायचं काय!" म्हणून बाईंनी ठेवून दिला.

त्यातच मास्तरांना ताप भरला. डॉक्टर लांब उभं राहून ओरडले, "विषाणूचा रिपोर्ट येईपर्यंत दोघांनीही घराबाहेर पाऊल टाकायचं नाही! एकमेकांपासूनही लांब राहायचं! हे घरच तुमचा दवाखाना!"

"ऐकलंत?" बायको म्हणाली. "शास्त्रच सांगतंय, घर सोडू नका."

दुसऱ्या सकाळी मास्तर आतल्या खोलीत अंथरुणावर, तोंडात थर्मामीटर. ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. अचानक भांड्यांचा आवाज थांबला. ती दारात आली. हातात गाळणं तसंच, थेंब पायावर पडत होते.

"आज कुणाला पाठवलंत मोजायला?"

मास्तरांनी मान हलवली. कुणालाच नाही.

"आकडा आला."

त्यांनी थर्मामीटर काढला. "कुणाच्या आवाजात?"

"तुमच्या. तीनदा म्हणालात. त्रेसष्ट."

मग तिने गॅस बंद केला, टाइल्सवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "उठा. चला."

ती दोघं सात ओळी पलीकडे जाऊन बसली, तोंडाला रुमाल बांधून. दोन झाडांमध्ये बरोबर तीन मीटर, त्यामुळे डॉक्टरांचा अंतराचा नियमही पाळला गेला. "लग्नानंतर पहिल्यांदाच इतके लांब बसलात," ती म्हणाली, पण नजर घरावरून हलेना.

आवाज असा झालाच नाही. धूळही फार उडाली नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर घर मधोमध सावकाश सुटत गेलं, पिकलेली शेंग उकलावी तसं. स्वयंपाकघर इकडे, निजायची खोली तिकडे. ओटा टाइल्ससकट शाबूत. मास्तरांचं अंथरूण होतं तिथे काळोख होता.

दुपारी बाई आल्या, पांढऱ्या पडलेल्या. त्यांनी घराच्या दोन भागांमध्ये स्वतः टेप ताणला. त्रेसष्ट. वर-खाली एक मिलीमीटर नाही. डॉक्टरांचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला: साधा सर्दीताप.

आता मास्तर बायकोबरोबर केंद्रातच राहतात. नव्या खुंट्यांपैकी एक जुन्या स्वयंपाकघरात आहे, दुसरी निजायच्या खोलीत. टेपचं दुसरं टोक बायको धरते. मास्तरांना एकट्याला ती तिथे जाऊ देत नाही. ते आधी वही उघडून, पेन हातात घेऊन थोडा वेळ फटीला कान देऊन उभे राहतात, मग आकडा लिहितात, आणि टेप त्यानंतर ताणतात. तो आकडा अजून चुकलेला नाही.

परवा बाई सोबत होत्या. त्यांना हे काही पटेना.

"मास्तर, शिस्त विसरलात का? आकडा मोठ्याने म्हणायचा असतो."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिने टेपवरची पकड घट्ट केली.

"मला म्हणावा लागत नाही, बाई," ते हळूच म्हणाले.