कपाटातली मेख

आमच्या आत्याला साठीला शिंगं फुटली, असं बाबा म्हणायचे. आई म्हणायची, शिंगं नाहीत, पंख. मला विचाराल तर दोन्ही. नाहीतर जन्मभर भावाच्या घरी राहिलेली, पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी ही बाई एका सकाळी चहा पिता पिता "मी खोली घेतलीय भाड्यानं, दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर" असं सांगेल कशी? बाबांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. ते काढायच्या निमित्तानं त्यांनी बराच वेळ मान वर केली नाही.

"इथं काय कमी आहे तुला, चिमे?" शेवटी त्यांनी विचारलं. साठीची झाली तरी बाबांची ती चिमीच.

"कमी काहीच नाही रे दादा. पण मला जरा माझं माझं राहून बघायचंय."

"साठी बुद्धी नाठी! आठ दिवसांत परत येशील."

"आले तर दार उघड," आत्या म्हणाली आणि हसत सुटली. ती हसायला लागली की आवरत नाही. आधी खांदे हलतात, मग टेबल हलतं.

खोलीत गॅस आला, गादी आली, शिलाई मशीन आलं. राहिलं कपाट. आत्याचे कपडे आजवर थोडे आईच्या कपाटात, थोडे माझ्या आणि उरलेले पलंगाखालच्या पेटीत. एक स्वेटर शोधायचा तर निम्मं घर उठवावं लागे. म्हणून कपाट हवंच होतं, पण पत्र्याच्या नव्या कपाटाला तिनं नाक मुरडलं. आम्ही दोघी जुन्या सामानाच्या दुकानात गेलो आणि तिथं तिच्या अंगातच आलं. उंच लाकडी कपाट, दोन दारं, खाली दोन खण, वर नक्षीची पट्टी, आणि या सगळ्यावर कुणा महाभागानं फासलेला हिरवा ऑइलपेंट.

"बाई, एक आधीच सांगतो," दुकानदार म्हणाला, "या कपाटात एक मेख आहे."

झालं! आत्या ताडकन म्हणाली, "मेख आहे ना? मग भाव उतरवा."

"अहो, मेख आहे म्हणजे..."

"म्हणजे काय ते माझं मी बघीन. उतरवता की जाऊ?"

दुकानदारानं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं आणि भाव उतरवला. परत येताना आत्या टेम्पोत पुढं बसून शीळ घालत होती. ड्रायव्हर बिचारा घाबरून गेला.

खोलीत पॉलिशचा वास कोंडेल म्हणून कपाट आधी आमच्या अंगणात उतरलं आणि घरात एकच उद्योग सुरू झाला, मेख शोधायचा. आईनं आत डोकं घालून वास घेतला. आत्यानं फळी न फळी ठोकून वाळवी लागलीय का ते पाहिलं. मी आत शिरून दार ओढून घेतलं, तर ते उघडेना. सापडली, सापडली, म्हणून मी आतून ओरडले. आईनं बाहेरून दार उघडलं आणि कुठलंच कपाट आतून उघडत नसतं, अशी माझ्या ज्ञानात भर घातली.

"मेख सापडत नाही, हीच मेख!" आत्या म्हणाली आणि खांदे हलायला लागले.

मग रंग खरवडायला घेतला. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली पिवळट, आणि त्याखाली लाकडाची पहिली रेघ दिसली तेव्हा आत्यानं अशी किंकाळी फोडली की शेजारीण धावत आली. बाबा वर्तमानपत्राआड रुसून बसले होते. पण आत्या पॉलिश पेपर आडवातिडवा घासायला लागल्यावर त्यांना राहवेना. "अगं, लाकडाची रेघ जाते तसं घास!" म्हणत ते उठले आणि उंच म्हणून वरची नक्षीची पट्टी त्यांच्याकडेच आली. दोघं बहीणभाऊ दिवसभर भांडत, शिंकत, खरवडत होते. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मध्येच एकदा स्टुलावर बाबा गप्प झाले. मग रंगारी भेगांत भरतात ती लांबी मागवली, वरची एक भेग बुजवली आणि त्या पट्टीला पॉलिशही स्वतःच मारलं.

खणांच्या कडांना मेणबत्ती घासली, तसे ते सुळकन सरकू लागले. कपडे टांगायला पडद्याचा जुना रॉड बसला, रिळांसाठी पातळ पट्ट्या ठोकल्या. कापसाच्या बोळ्यानं पॉलिश चढत गेलं आणि कपाट असं झळकलं की आत्या त्यात बघून भांग पाडू लागली.

न्यायच्या दिवशी दोन हमाल आणले. आत्या वरच्या पायऱ्यांवर उभी राहून "सांभाळून, सांभाळून" करत होती, बाबा आणि मी खालून टेकू देत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर घोडं अडलं. कपाट उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. शेवटी हमालांनी ते वळणावर टेकवलं आणि चहाला निघून गेले. आत्या वर, आम्ही खाली, मध्ये जिनाभर कपाट.

"दादा, सापडली रे मेख!" वरून आवाज आला. "जिन्यातून जात नाही, ही मेख!" आणि ती हसली. हसता हसता आवाज बदलला. आत्याला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही पाहिलं नाही, नुसतं ऐकलं.

"ने परत," ती म्हणाली. "माझी हौसच जिन्यापेक्षा मोठी झाली. तू म्हणालास तेच खरं. मीही येते खाली."

बाबांना हवं होतं ते घडलं होतं. आता फक्त "बरं" म्हणायचं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. "स्क्रू ड्रायव्हर दे," म्हणाले. मग दोन पायऱ्या चढून, कुठंही न चाचपता, त्यांनी वरच्या पट्टीचा डावा कोपरा कोरला. लांबी भुगा होऊन पडली आणि आतून अंगठ्याएवढा लाकडी खुंट डोकावला. बाबांनी तो उपसला. कपाटाचं छत टक्कन वर उचललं गेलं.

"कसला आवाज?" आत्यानं विचारलं.

"मेखेचा. लाकडाची मेख आहे गं. दुकानदार तेच सांगत होता. ही काढली की कपाट सुटं होतं, फळ्या फळ्या."

वरून पावलं कपाटापर्यंत उतरली.

"तुला कधी कळलं?"

"रंग खरवडताना."

"मग?"

"मग लांबी भरली."

"का रे दादा?"

"का म्हणजे? तू चाललीस म्हणून!" बाबा इतक्या जोरात ओरडले की खालची दोन दारं उघडली. "सकाळी माझ्याशी कोण भांडणार? तुझ्या वहिनीला भांडता तरी येतं का धड?"

आणि कपाट हलायला लागलं. आधी मला वाटलं, पडतंय. पण पलीकडून आत्या त्याला टेकून हसत होती. "साठी तुझी माझ्याआधी झालीय, दादा!"

हमाल परतले तेव्हा आम्ही फळ्या वर नेत होतो. "आधी सांगायचं ना, बाई!" एकजण वैतागला. "सांगितलं होतं हो," आत्या म्हणाली, "मीच ऐकून घेतलं नाही."

खोलीत कपाट पुन्हा उभं राहिलं. मेख बाबांनीच ठोकली. मग चहा झाला, परत एकदा झाला. बाबांनी गळका नळ आवळला, खिडक्यांच्या कड्या तपासल्या, गॅसची नळी हुंगली. निघायचं नाव नाही.

"दादा, ऊठ आता. घरी जा," आत्या म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती कुणाला तरी आपल्या घरातून जायला सांगत होती. ते तिला इतकं आवडलं की तिनं पुन्हा म्हणून पाहिलं, "जा, जा! मला दार लावायचंय."

आम्ही वळणापर्यंत उतरलो तोच वर आतला बोल्ट सरकला. मग निघाला. पुन्हा लागला, पुन्हा निघाला. आत एकटीच खिदळत होती. बाबा कठड्याला धरून ऐकत उभे राहिले, डोळे पुसत आणि हसत. एवढ्यात खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दार उघडून विचारलं, "आता काय झालं?"

"काही नाही हो," बाबा म्हणाले. "वर माझी बहीण राहते."