बोगद्यातलं इंजिन

डायवरकाका खेळण्यातल्या रेल्वेसमोरही चपला काढून उभे राहत. कुणी खेळणं म्हटलं की भडकत, "खेळनं नाई बाप्पा, गाडी हाय!" निवृत्त इंजिनड्रायव्हर; अकोल्यातल्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत त्यांनी प्लायवर बोगद्यासकट रूळ मांडला होता. दर रविवारी मी तिथे हजर.

त्यांची इंजिनं डिजिटल, पोटात चिप असलेली. माझं एकच, जुनं, साध्या विजेवर धावणारं. चांदूर रेल्वे स्टेशनात पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, असलेल्या माझ्या बाबांनी घेऊन दिलेलं. बाबा गेले, इंजिन राहिलं. ते काकांकडेच असे. रूळ दोघांना एकच, म्हणून मधे खटका: वर केला की जुनी वीज, खाली केला की डिजिटल. "डिजिटल रुळावर हे उभं राह्यलं तं जागीच जळून जाईन. आधी त्याले टॉवेलवर झोपव, मंग खटक्याले हात लाव," हा काकांचा कायदा. एकदा मी विसरणार होतो, तर मनगटावर फुटपट्टी बसली. चाळिशीतल्या माणसाच्या!

उन्हाळ्यात मी एका लग्नासाठी पातूरला गेलो. परतलो तर इंजिन टॉवेलवर, खालून काळंठिक्कर.

"मागच्या रविवारी बोगद्यात इसरून गेला तू. मले काय मालूम? मी खटका खाली केला," काका म्हणाले. वर पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे, होते असं मानसाच्या हातून."

त्या रविवारी मी घाईत निघालो होतो खरा. बाबांची एकमेव वस्तू आपणच जाळली, या विचाराने कित्येक दिवस घास गोड लागला नाही. उलट काकांच्या मोठेपणाचे मी चारचौघांत गोडवे गायले.

दिवाळीत अमरावतीहून त्यांचे मेहुणे आले. उन्हाळ्यात मी पातूरला असताना ते आले होते, तेव्हाचा व्हिडिओ त्यांनी हौसेने मोबाइलवर लावला. त्यात माझं इंजिन ऐटीत बोगद्यात शिरलं. काकांना नवं इंजिन दाखवायची घाई. त्यांनी खाटकन खटका खाली केला. थोड्या वेळाने बोगद्यातून धूर निघाला. मेहुणे मोबाइल बंद करायला धडपडले, पण तोवर व्हिडिओतून काकांचा आवाज आलाच: "त्याले सांगू नका. तोच इसरला म्हनतो मी."

काका शेजारीच बसले होते.

"काहून, काका?"

चष्मा पुसत ते म्हणाले, "तू मले डायवर म्हनतो ना."

मी इंजिन टॉवेलात गुंडाळून निघालो, तो परत गेलो नाही. इंजिन जाळल्याचं मी माफ केलं असतं. पाठीवर ठेवलेला तो हात मात्र अजून भाजतो.

आता घरीच छोटासा रूळ मांडलाय, मोटर बदललेलं बाबांचं आणि एक डिजिटल, अशी दोन इंजिनं आहेत. जुनं टॉवेलवर झोपवतो, मगच खटक्याला हात लावतो. त्याआधी बोगद्यातही चाचपून पाहतो. इंजिन समोर टॉवेलवर दिसत असतं, तरी पाहतो. चूक माझी नव्हती, हे माझ्या हाताला अजून पटत नाही.