शुक्रवारी पाठवलेले हात

शनिवारी सकाळी फोनवरच्या गटात एक शब्द येई. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्या शब्दावर एक छायाचित्र पाठवायचे. ते रोजच्या जगण्यातले आणि स्वतः काढलेले असावे, एवढाच नियम. गटात कुडाळपासून पुण्यापर्यंतची माणसे होती. कोणी कोणाला भेटलेले नव्हते. वर्तमानपत्राच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी त्यात शिरलो आणि तीन वर्षांत एकही शुक्रवार चुकवला नाही.

डिचोलीजवळच्या सर्वण गावातल्या घरात आम्ही दोघेच, बायको आणि मी. मूलबाळ नाही. त्यामुळे शब्द कोणताही आला तरी छायाचित्रात वस्तू धरायला तीच असे. ‘लाल’ आला तेव्हा तिने सुकत घातलेली भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोले ओंजळीत धरली. ‘गोल’ला पोदेराकडून नुकताच घेतलेला पाव. ‘वास’ला कोरगावच्या तिच्या माहेरून आलेले काजूचे बोंडू. मी काढायचो, मग फोनवरच बोटाने कडा आत ओढून नको तो भाग कापायचो. तिचा चेहरा नेहमी नको त्या भागात जाई.

हे मी कचेरीत शिकलो होतो. उमेदवारीच्या दिवसांत आमचे वृत्तसंपादक छायाचित्रावर तांबड्या पेन्सिलीने चौकोन आखून देत आणि म्हणत, बातमी नाही ते बाहेर. अनेक वर्षे मी तेच केले. मंत्र्यांच्या शेजारचे कार्यकर्ते कापले, अपघातग्रस्त ट्रकभोवतीची गर्दी कापली. स्मृतिदिनाच्या जाहिरातींसाठी लोक लग्नाच्या घोळक्यातला फोटो आणून देत, त्यातून मी मेलेल्या माणसाचा चेहरा तेवढा कापून काढत असे. पान छापायला गेले की टेबल रिकामे करायचे, हीही तिथलीच सवय. फोनची जागा कमी होती. शुक्रवारी छायाचित्र पाठवले की मी त्या आठवड्याचे मूळ फोटो पुसून टाकत असे, पुसलेल्यांची पेटीही रिकामी करत असे.

तिला हे माहीत होते. पाठवलेले चित्र ती चष्मा लावून बघायची.

“परत माका कापलात मां?”

“विषय ‘गोल’ हा. तुजां त्वांड लांबट.”

“बघूक इल्लात तेव्हाच मोजूक होयां होतां,” ती म्हणाली. “हात माजे नि नांव तुमचां!”

एकदा ‘वाट पाहणे’ असा शब्द आला. त्या दिवशी तिला कोरगावला एका मुंजीला जायचे होते आणि तिचा भाऊ गाडी घेऊन यायचा होता. ती तयार होऊन दारापुढच्या बाल्कांवात, कदेलीवर म्हणजे खुर्चीवर बसली होती. हिरवी साडी, केसांत अबोलीचा वळेसर. मी फोन काढला तेव्हा ती सरळ बसली आणि पदर नीट केला.

“आज एक माजो काढा. आखो.”

मी सात-आठ काढले. ती हसत होती की नाही, हे आता मला सांगता येत नाही. शुक्रवारी मी त्यातले एक निवडले आणि मांडीवर एकात एक गुंतवून ठेवलेले दोन हात तेवढे ठेवले. पाठीमागची भिंत, साडीचा काठ, बांगड्या. गटात त्या चित्राला जितकी दाद मिळाली तितकी माझ्या दुसऱ्या कोणत्याही चित्राला मिळाली नाही. चेहरा नसल्यामुळे ते हात कोणाचेही होऊ शकतात, असे एकाने लिहिले. मला ते पटले. मी ते तिला वाचून दाखवले.

“कोणाचेय कशे? माजेच ते,” ती म्हणाली आणि आत गेली.

मी नेहमीप्रमाणे बाकीचे पुसून टाकले.

चवथीनंतर दोन आठवड्यांनी ती गेली. सकाळी छातीत दुखते म्हणाली, डिचोलीच्या इस्पितळात पोचेपर्यंत संपले होते.

बाराव्याला पाटावर ठेवायला फोटो हवा होता. तिचा भाऊ म्हणाला, “भावोजी, तुमच्या फोनात असतलेच.” मी फोन त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ बोट फिरवत राहिला. भिरंडाची सोले, पाव, बोंडू, पणती, सूप, आणि त्या प्रत्येकाबरोबर तिचे हात. त्याने फोन परत दिला. “इतके काढलात,” तो म्हणाला.

नातेवाइकांकडे विचारले. समारंभांत ती वाढण्यात असे, नाहीतर मागच्या रांगेत कोणाच्या तरी खांद्याआड. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्या होत्या आणि त्यातली मुलगी बावीस वर्षांची होती. ‘उजेड’ या शब्दासाठी मी पितळेचा घासलेला तांब्या काढला होता. त्याच्या पोटावर तिचे तोंड उमटलेले मला दिसले. मी तो फोटो डिचोलीच्या स्टुडिओत नेला. स्टुडिओवाल्याने तो पडद्यावर मोठा केला आणि मान हलवली. “ह्यातून काय येवचां नाय. ठिपके येतले.” हे मला त्याच्याआधी कळायला हवे होते. चेहरा छापायला किती ठिपके लागतात, हे बघणे हाच माझा धंदा होता.

शेवटी मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. तो कॅमेऱ्यासमोर क्षणभर बसवून काढलेला आहे. डोळे अर्धे मिटलेले, गाल काळे पडलेले. आयुष्यभर ती अशी कधी दिसली नव्हती. स्टुडिओवाल्याने चौकट घालून दिली.

बाराव्याला हळर्णहून तिची मावशी आली. पंच्याऐंशीची, नजर थोडी कमी. तिने फूल घेतले, पाटापुढे वाकली, आणि फूल हातात तसेच ठेवून माझ्याकडे वळली.

“बाबा, हो कोणाचो फोटो?”

मी नाव सांगितले. मावशीने पुन्हा बघितले. मग तिने फूल ठेवले, पण फोटोपुढे नाही, शेजारच्या समईपाशी.

त्यानंतरच्या शनिवारीही गटात शब्द आला. मी तो वाचला. बाल्कांवात कदेल होती तिथेच होती. मी तिचे एक छायाचित्र काढले, भिंत, खिडकी, अंगण, सगळे धरून. बोटाने कडा आत ओढायला गेलो आणि थांबलो. कापण्यासारखे त्यात काही नव्हते. ते मी पाठवले नाही, आणि पुसलेही नाही.