जत्रेचं बोलावणं

शिरोड्यात आमच्या शेजारचे काका पर्यटकांना खोल्या देतात. एकदा राहून गेलेला माणूस त्यांच्या लेखी घरचाच. म्हणून जत्रेचं बोलावणं ते सगळ्यांना एकदम ईमेलने धाडतात, आणि मेल गेल्याचं पडद्यावर दिसेपर्यंत खुर्चीतून उठत नाहीत.

गेल्या जत्रेनंतर त्यांचे सगळेच मेल परत येऊ लागले, बुकिंगची उत्तरंसुद्धा. मी पाहिलं, तर त्यांच्या मेलचं डोमेन स्पॅम धाडणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेलं होतं. कित्येक पत्ते बंद होते, आणि बऱ्याच जणांनी बोलावण्याला स्पॅम ठरवलं होतं.

"बोलावणा धाडलंय, गाळी नाय घातलंय," काका चष्मा पुसत म्हणाले.

यादीतून निघायचं तर पुन्हा असे मेल जाणार नाहीत, असं लिहून द्यायचं होतं. त्यांनी होकार दिला. मी अर्ज केला, काही दिवसांनी डोमेन सुटलं.

यंदा जत्रेआधी ते सगळ्यांचे पत्ते भरलेला पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले.

"माझ्या मेलवरसून मी धाडूचंय नाय, शब्द दिलंय. तुझ्या मेलवरसून धाड."

माझ्याही खोल्यांचं बुकिंग मेलवरच चालतं.

"बघतंय," मी म्हटलं.

काका खुर्ची ओढून बसले.