लॅव्हेंडरचं भरीत

अक्काचा गुडघा नवा बसवला, पण स्वभाव जुनाच राहिला.

अक्का म्हणजे माझी आई. धुळ्यातली आमची अख्खी गल्ली तिला अक्काच म्हणते. ऑपरेशन झकास झालं, पण घरी आल्यावर बाई पलंग सोडेना! व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम बजावून गेल्या, "आजी चालल्या नाहीत तर गुडघा आखडेल." अक्का म्हणाली, "दुखस ना माय! मी नही उठाव." मला मनापासून भीती वाटायला लागली. आयुष्यभर गल्ली दणाणून सोडणारी माझी आई आता पलंगावरच राहणार की काय!

डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या. त्यात मी मोबाइलवर वाचलं, की ऑपरेशननंतरचं दुखणं सुगंधानं हलकं होतं. (मोबाइलवर वाचूनच मी पाण्याची मोटार दुरुस्त केली होती. नंतर नवी घ्यावी लागली, ती गोष्ट वेगळी!) लगेच लॅव्हेंडरचं तेल आणलं आणि तिच्या उशाशी वाफारा सोडला.

"कसं वाटतंय, अक्का?"

"न्हाणीमा निजाडं का रे माले? साबनना वास इ राहिना!"

"साबणाचा वास येऊ दे! दुखणं कसं आहे?"

"ते शेच. भरीत खावाड, मंग दखू."

आता भरीत खाऊ घालायचं, तर बायको शाळेत शिकवायला गेलेली. जळगावच्या मावशीनं पाठवलेलं हिरवं वांगं ओट्यावर होतं. भाजण्याआधी वांग्याला तेलाचा हात लावतात, एवढं मला ठाऊक होतं. आणि तेल तर माझ्या हातातच होतं! उपचारही होईल, हौसही भागेल. मी अख्खी बाटली वांग्याला चोळली आणि गॅस पेटवला.

वांग्यानं आधी भडका घेतला. मग, टोचे मारायला विसरल्यामुळे, ते फाटकन फुटलं. धूर इतका, की शेजारच्या नानांनी गॅलरीतून विचारलं, "काय भाऊ, पूजा शे का आग लागनी?"

"वांगं आहे, नाना!" मी खोकत ओरडलो.

हे अक्कानं ऐकलं. खोलीतून वॉकरची टकटक आली आणि पाहतो तर दारात अक्का उभी! तिनं गॅस बंद केला, छताला चिकटलेला गर पाहिला आणि डोळ्यांना पदर लावला.

"अक्का, तू चाललीस! दुखत नाही?"

"दुखस ना! पन वांगाना जीव गया, तेनं काय?"

मला रडूच आलं. (धुरानं नव्हे.)

आता अक्का रोज चालते. कधी कंटाळा केलाच, तर बायको तिच्या दाराशी उभी राहून मला मोठ्यानं विचारते, "अहो, आज स्वयंपाक तुम्ही करता का?"

मी खुर्चीतून उठायच्या आत अक्का ओट्यापाशी पोहोचलेली असते!