राठोडताईंचं स्तोत्र

राठोडताई सर्व्हरला गोरबोलीत, म्हणजे आपल्या बंजारा बोलीत, शिव्या घालायच्या आणि आमच्या साहेबांना वाटायचं, त्या स्तोत्र म्हणताहेत. ताई उमरखेडकडच्या तांड्यातल्या, साहेब पुण्याचे. यवतमाळच्या आमच्या छोट्या कंपनीत हा गैरसमज दूर करायची कोणालाच घाई नव्हती. एकदा तर साहेबांनी डोळे मिटून हातही जोडले.

काही बिघडलं की चूक कोणाची, हे ताई विचारायच्या नाहीत. "आधी पाह्य, कोण बोलून राह्यलं," एवढंच म्हणायच्या. त्याचा अर्थ मला कळला तो कॉलेजप्रवेशाचं आमचं सॉफ्टवेअर अडलं त्या दिवशी. मी नोकरीत नवी, अजून कायम न झालेली. दुपारी प्राचार्य काम पाहायला येणार होते, आणि आमचा जावा प्रोग्राम डेटाबेस नावाने मागायचा की उत्तर यायचं, 'या नावाचं इथे काही नाही.' नाव तर बरोबर होतं, मी दहादा तपासलं. साहेब म्हणाले, "सगळा सर्व्हर नव्याने टाका."

ताईंनी ते कानाआड केलं आणि आपलं 'स्तोत्र' पुटपुटत प्रोग्राममध्ये एकच ओळ घातली: उत्तर देणारी फाईल कोणती, ते दाखव. आलेलं नाव सर्व्हरच्या लायब्ररीचं, म्हणजे त्याच्या तयार कोडच्या फाईलचं, नव्हतंच. आमच्याच फोल्डरात नावं शोधणारी दुसरी, जुनी लायब्ररी येऊन बसली होती. प्रोग्राम आधी तिलाच विचारायचा, आणि तिला सर्व्हरवरची नावं ठाऊक नव्हती.

ती मीच टाकली होती. आदल्या दिवशी, नेटवरून, कोणाला न विचारता.

माझ्या लाल झालेल्या कानांवरून ताईंनी ते ओळखलं. ताईंनी ती फाईल काढली, सर्व्हर सुरू केला, डेटाबेस सापडला.

"दोघी भांडून राह्यल्या होत्या सर. एकीले माहेरी पाठवलं."

"पण ती आली कुठून?"

"काय माहीत! तिच्यावर कोणाचं नाव नाही."

साहेब भारावले. "तुमच्या स्तोत्रात ताकद आहे," म्हणाले.

मग ताईंनी मला बाजूला घेतलं. "आता फोल्डरातली हरेक लायब्ररी कायले पाहिजे, ते हातानं लिहून आण." निम्म्यांचं कारण मला सापडलंच नाही.

वर्षभराने ताई उमरखेडला मुलींचा संगणकवर्ग काढायला गेल्या. मन खात होतं, म्हणून मी साहेबांना सगळं सांगून टाकलं. ते हसले. "ताईंनी त्याच दुपारी सांगितलं होतं. म्हणाल्या, तिले कायम करा, इतकी भ्यालेली पोरगी पुन्हा अशी चूक करत नाही."

मी तडक फोन लावला. "ताई, मला का नाही सांगितलंत?"

"कायले सांगू? भीतीपायी वर्षभर रोज चहा पाजला तू मले!"