गुरूचा वास

बशीर मास्तर कुठलीही वस्तू आधी हुंगत आणि मगच हातात घेत. वह्यासुद्धा. "ही चुलीपाशी बसून लिहिलीय, ही म्हशीपाशी," असं सांगत आणि बहुतेकदा ते खरं निघे. एकोणीसशे चाळीस-पंचेचाळीसच्या सुमाराला श्रीगोंद्याच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी संस्कृत.

एकदा कुठल्याशा विलायती मासिकात त्यांनी वाचलं, की गुरू ग्रहावर अमोनिया सापडला आहे. ते इतके हरखले, की वर्गात सांगून मोकळे झाले, "गुरूवर आपल्या गोठ्यातला वास आहे!" संध्याकाळपर्यंत बातमी शाळा समितीच्या अध्यक्षांकडे, आबासाहेबांकडे पोचली. त्यांच्या बोटात गुरूचा पुष्कराज, गुरुवारचा कडक उपास. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते प्रयोगशाळेत हजर; मागोमाग हेडमास्तर आणि मी.

"मास्तर, तुमी आमच्या गुरूला गोठा म्हनला?"

"गोठा नाही आबासाहेब, गोठ्याचा वास."

"तिथं कोन गेल्तं हुंगायला?"

प्रश्न बिनतोड होता. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. बशीर मास्तरांनी मात्र खिडकी किलकिली करून उन्हाची तिरीप लोलकावर घेतली. टेबलावरच्या कागदावर सात रंग पडले. तांबड्याच्या पलीकडे, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथं त्यांनी काजळी लावलेला थर्मामीटर ठेवला. पारा हळूहळू चढू लागला.

"इथंही किरण आहेत, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. गुरूवरून येणाऱ्या उजेडातले असे काही किरण तिथले वायू खाऊन टाकतात. कोणते खाल्ले, त्यावरून वायू ओळखायचा. काय खातो यावरून माणूस ओळखू नये, आबासाहेब. वायू मात्र ओळखावा."

आबासाहेबांनी वाकून पारा कुठवर चढला ते पाहिलं. "आन् वास?"

मास्तरांनी अमोनियाची बाटली उघडली. "लांबून हं," म्हणेपर्यंत आबासाहेबांनी छातीभर श्वास ओढला होता. पागोटं एकीकडे, ते दुसरीकडे. हेडमास्तर पाणी आणायला धावले. मास्तरांची नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो.

आबासाहेबांनी डोळे पुसले, पागोटं बसवलं.

"लई जागृत हाय," ते म्हणाले आणि गेले. नोकरीचं कुणी काही बोललं नाही.

दोनच वर्षांनी मास्तर विषमज्वरानं गेले. जनाज्यामागून आबासाहेब अनवाणी चालले.

त्या प्रयोगाच्या दुपारी घरी जाताना मी मास्तरांना विचारलं होतं, "भीती नाही वाटली?"

"वाटली की! पाय लटपटत होते. टेबलामागं उभा होतो म्हणून तुम्हाला दिसले नाहीत."